पायाळूची कंबर

कडूबाई पायाळू जन्मली, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी तिचे पाय आधी बाहेर आले, यात तिचा काही गुन्हा नव्हता. पण गावाने तिला जन्मभर राबवलं ते याच एका गोष्टीवर. पायाळू माणसाने कमरेत लाथ मारली की उसण निघते, अशी आमच्याकडची जुनी समजूत. उसण भरलेला माणूस वाकडातिकडा होत तिच्या दाराशी यायचा, चौकटीला दोन्ही हातांनी धरून उंबऱ्यावर पाठमोरा उभा राहायचा, आणि कडूबाईने डाव्या पायाने तीन लाथा हाणायच्या. पैसा घ्यायचा नाही, घेतला तर गुण जातो. नाही म्हणायचं नाही, म्हटलं तर तीच उसण पायाळूला भरते. हे नियम कुणी केले कुणास ठाऊक, पण सगळे लाथ खाणाऱ्याच्या सोयीचे होते एवढं खरं.

सहा वर्षांची होती तेव्हापासून हे चाललेलं. ताटावरून उठवून न्यायचे, शाळेतून बोलावून आणायचे, शेवटी शाळाच सुटली. लग्न होऊन ती राणीसावरगावापलीकडच्या या वस्तीत आली, तर तिच्याआधी तिची कीर्ती येऊन बसलेली. अंगाची हळद उतरली नव्हती तोवर सासूने तिला उंबऱ्याशी उभं केलं. एरवी जी माणसं तिला आपल्या ओट्याला टेकू देत नसत, ती तिच्या दारात येऊन पाठ पुढे करत.

मागच्या दिवाळीनंतर कापूस वेचताना तिची स्वतःची कंबर धरली. वेचलेल्या कापसाचं गठुडं उचलून बांधावर ठेवायला गेली आणि तशीच वाकलेली राहिली. सुनेने, सविताने, तिला गाडीत घालून घरी आणलं. त्यानंतर सकाळी उठायचं म्हणजे एका अंगावर वळायचं, सविताचा हात धरायचा आणि दात खाऊन बसतं व्हायचं. परसाकडे जायचं तर भिंत धरून. चुलीपुढे बसलं की उठवायला माणूस पाहिजे.

गावाला मात्र हसायला विषय मिळाला.

"पायाळूला उसण भरली म्हणं!" पिठाच्या गिरणीवर कुणीतरी म्हणालं.

"आता सोताच सोताला लाथ मार म्हणावं," दुसरा म्हणाला, आणि गिरणीचा पट्टा थांबेपर्यंत सगळे हसत बसले.

सविता पिठाचा डबा घेऊन तिथेच उभी होती. तिने घरी येऊन सांगितलं नाही, पण डबा असा आदळला की कडूबाईला कळलं. इतकी वर्षं ज्यांच्या कमरा तिने सरळ केल्या, त्यांच्यातलं एक माणूस दोन महिन्यांत दारात येऊन "कसं हाय?" म्हणालं नाही. तिचा मुलगा महारुद्र हा माणिकराव मालकांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्याने एका डॉक्टरकडून इंजेक्शनं देववली, मेडिकलमधून कमरेचा पट्टा आणला. इंजेक्शनाचा गुण दोन दिवस टिकायचा, आणि पट्टा बांधून तर भाकरीही थापता येईना.

मग सवितानेच तिला बसने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण यायची. नाव अर्पिता, सेलूकडची, वयाने सविताएवढीच. तिने सुई टोचली नाही की गोळी लिहिली नाही. कडूबाईला आडवं करून एकेक पाय वर उचलून पाहिला, पायाचा अंगठा दाबून जोर करायला लावला, मुंग्या येतात का, बधिर होतं का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "नस दबलेली दिसत नाही मावशी. कंबर अवघडलीय आणि पोटापाठीची ताकद गेलीय. काम काय काय करता?"

"वेचणी, खुरपणी, धुणं, सडा. बाईचं काम काय इचारता?"

"अन् लाथा," सविता मध्येच बोलली.

अर्पिताला समजेना. सविताने सांगितलं, तशी ती खुर्चीवरून उठली. "दाखवा बरं. हळू. मारू नका, नुसतं उभं राहून दाखवा."

कडूबाई भिंतीला धरून उभी राहिली, डावा पाय उचलला, कंबर पिळली, आणि तिथेच कळवळली.

"आठवड्यात किती जण येतात?"

"धरा पाच-सात. सुगीत जास्त."

अर्पिताने तिला धरून परत बसवलं. "सगळा दोष या लाथांचा आहे असं मी म्हणत नाही. वाकून केलेलं काम आहेच. पण एका पायावर सगळा भार घेऊन असा झटका मारायचा, हे आता पूर्ण बंद. सहा आठवडे व्यायाम, आणि लाथ एक नाही."

"अन् लोकायची उसण?"

"ती आठ-दहा दिवसांत बहुतेक वेळा तशीही निघते, मावशी."

हे ऐकून कडूबाईचं डोकं भडकलं. बसमध्ये ती सवितावर उखडली. "मंजी काय? पन्नास वरसं मी काय हवेत लाथा झाडल्या? कालची पोर ती!"

सविता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आत्याबाई, तसं असंल तर उलट बरंच की. तुमी न्हाई हाणली तरी कुणी मरत न्हाई."

कडूबाई गाव येईपर्यंत धुमसत होती. आपल्या पायात गुणच नव्हता याचा राग मोठा, की नसलेल्या गोष्टीसाठी आपल्याला एवढं पिळलं याचा, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

व्यायाम साधेच होते. पाठीवर पडून गुडघे वाकवायचे आणि कंबर जमिनीला दाबायची. मग बैठक, म्हणजे बसायचा भाग, वर उचलायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायची, खाली. पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची. रांगत्या मुलासारखं होऊन एक हात पुढे, उलटा पाय मागे. श्वास कोंडायचा नाही. दिवसातून दोनदा, आणि मध्ये पडून राहायचं नाही, चालायचं.

अवघड होतं ते आडवं होणं. घर म्हणजे पत्र्याची एक खोली, दार थेट गल्लीवर. दिवसाउजेडी बाईमाणूस जमिनीवर उताणं पडलेलं गावाने पाहिलं होतं ते फक्त दोनदा, बाळंतपणात आणि मेल्यावर. शेजारच्या नर्मदाबाईने फटीतून पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत हापशावर चर्चा झाली: सून पाणी वाहतीय अन् सासू पाय वर करून पडलीय. कडूबाई दार लावून घ्यायला लागली. आत काळोख, वर पत्रा तापलेला, आणि ती चटईवर घामाघूम होऊन कंबर उचलायची. चोरी केल्यासारखी.

पण गुण आला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती कुणाचा हात न धरता उठून बसली, आणि सविता जागी व्हायच्या आत चूल पेटवली. चौथ्या आठवड्यात शेतापर्यंत चालत गेली आणि आली.

लाथा तिने व्यायामाच्या पहिल्या दिवसापासून बंद केल्या. आधी लोक "बरं, बरं" म्हणत परत गेले. मग कुरकूर सुरू झाली. चालायला येतं, मग लाथ का येत नाही? गावातल्या आबासाहेबांचा थोरला मुलगा दोनदा परत गेला, तर "मिजास आलीय म्हातारीला" असं पारावर ठरलं. तिच्या कमरेचं काय, हे कुणी विचारलं नाही. विहिरीची मोटर जळाली तर माणूस विहिरीला शिव्या देत नाही, मोटर दुरुस्त करतो. तिला मोटरीएवढीही किंमत नव्हती.

पाचव्या आठवड्यात माणिकरावांना उसण भरली. काही उचललं नव्हतं, तूर भरून ठेवताना धूळ गेली नाकात आणि शिंक आली. शिंकेसरशी जागीच वाकले. भर दुपारी त्यांची जीप दारात थांबली. महारुद्रने आणि एका गड्याने त्यांना धरून उतरवलं, आणि माणिकरावांनी न विचारता चौकटीला दोन्ही हात लावून पाठ केली. कडूबाई नुकतीच चटई अंथरून बसली होती.

"हाण कडूबाई, लवकर. उभं राहवंना."

"मालक, मी बंद केलंय."

"माझ्यासाठी चालू कर."

"डॉक्टरनीनं सक्त मना केलंय. माझी कमर आत्ता कुठं उठायलीय."

माणिकरावांनी मान वळवली, कळ आली म्हणून पुन्हा पुढे केली. दाराबाहेरच्या गल्लीला सांगितल्यासारखे म्हणाले, "पायाळूनं न्हाई म्हणू न्हाई, म्हाईत हाय ना? उलटती उसण."

"उलटली की! पन्नास वरसं न्हाई म्हणले न्हाई, तरी उलटली. आता काय उलटायचं राह्यलंय?"

गल्लीत माणसं जमली होती. नर्मदाबाई पदर तोंडाला लावून पुढे उभी.

"माय," महारुद्र खालच्या आवाजात म्हणाला, "तीनच तर लाथा हायत. मालक सोता आलेत."

कडूबाईने त्याच्याकडे पाहिलं. मालकाचं तिला एवढं लागलं नसतं.

"तीनच? तू पाच दिसाचा होतास रे. मी बाळंतीण, बाजंवर. घरात इटाळ, माझ्या हातचं पाणी कुणाला चालत नव्हतं. तवा ह्या मालकांच्या वडलांना उसण भरली. गाडी धाडली. मला तसंच उठवून नेलं, माझ्या अंगावरून रक्त चाललेलं. तिथं इटाळ झाला न्हाई कुणाला. लाथ हाणली, अन् परत येताना गाडी मिळाली न्हाई. चालत आले. तवाबी समदे हेच म्हणले, तीनच तर लाथा हायत."

माणिकरावांच्या हाताखाली चौकट करकरली.

"जुनं कशाला काढायलीस?" ते म्हणाले. "मी दुखण्यानं मरायलोय अन् तू पोथी वाचायलीस."

"मरत न्हाई कुणी. चार दिस गरम पाण्यानं शेका, हळूहळू हिंडा, पडून राहू नका. अन् शुक्रवारी तालुक्याला ती पोरगी बसती, तिच्याकडं जा. ती शिकवंल."

"काय शिकवंल? जमिनीवर लोळायला? आयकलंय मी समदं. त्या बाईनं सांगितलेले खेळ मी करू व्हय?"

कडूबाई चटईवरून उठली. कुणाला न धरता, सरळ.

"बाईची लाथ चालती मालक, अन् बाईचं सांगणं चालत न्हाई?"

कुणीतरी मागे हसलं आणि लगेच खोकलं. माणिकरावांचे कान लाल झाले. वळून तिच्या तोंडाकडे त्यांना बघता येईना. त्यामुळे ते बोलले ते पुन्हा गल्लीकडे बघूनच. "महारुद्र, चावी गड्याजवळ दे. उद्यापासून मायची सेवा कर घरी."

त्यांना तसंच धरून जीपमध्ये चढवलं. बसताना ओरडले, ते साऱ्या गल्लीने ऐकलं. कडूबाईला त्यांची कीवही आली. ती कळ तिला पाठ होती. पण कीव आली म्हणून पाय उचलायचा, हेच तर आजवर झालं होतं.

जीप गेली. महारुद्र तिथेच उभा. "झालं समाधान? गेली नौकरी माझी."

"तुरीची वाहतूक तोंडावर आलीय. डायवर लागतो त्यांना. बोलावत्याल."

"अन् न्हाई बोलावलं तर?"

"तर दुसरा ट्रॅक्टर बघ. तुला हात हायत, पाय हायत, लायसन हाय. मला ही एकच कमर हाय."

सविता आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने तो नवऱ्याला दिला नाही, सासूला दिला. कडूबाई दोन घोट प्याली. मनात नुसता राग नव्हता, भीतीही होती. मुलगा खरंच घरी बसला तर काय, हे तिलाही दिसत होतं. पण कंबर पुन्हा धरली तर काय, हे तिने भोगलं होतं.

तिने चटई दारापासच्या उजेडात ओढली.

"कडूबाई, अगं दार तरी लाव," नर्मदाबाई गल्लीतून म्हणाली. "गडीमाणसं हायत इथं."

"मग त्यांना जाय म्हण. माझं घर हाय. आत लय गरम व्हतंय."

ती एका अंगावर झाली, मग पाठीवर. लुगडं पायांभोवती खोचून घेतलं, गुडघे वाकवले. श्वास कोंडायचा नाही असं त्या पोरीने दहा वेळा बजावलं होतं, पण राग उतरल्याशिवाय श्वास कुठला मोकळा होतो. ती तशीच पडून राहिली. बाहेरून दोघं-तिघं निघून गेल्याचे पाय वाजले, बाकीचे उभेच होते.

एवढ्यात चटईवर सावली पडली. महारुद्र दारात येऊन गल्लीकडे तोंड करून, आईकडे पाठ करून उभा राहिला होता. रुसून उभा होता की लोकांच्या नजरेआड करत होता, तिला कळलं नाही.

"सरक बाजूला," ती म्हणाली. "उजेड अडवू नको."

तो जरा वेळ हलला नाही. मग चौकट सोडून ओट्यावर जाऊन बसला. कडूबाईने कंबर जमिनीला दाबली आणि बैठक वर उचलली.