शिवेवरची भाकरी

वेल्ह्याहून पासलीला जायचं म्हणजे सकाळी निघून खिंड चढायची, पलीकडं उतरायचं, माणसं भेटायची आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं. एवढ्यासाठी माणसाला लागतं काय? हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पाण्याचा भोपळा आणि फडक्यात दोन भाकरी. कुंडलिकाचा हिशेब असा सुटसुटीत होता. पण बांधाबांध सगुणाबाईच्या हातात होती, आणि लेक सासरी गेल्यापासून तिच्या हाताला मोजमाप राहिलं नव्हतं.

वैशाखात फुलाबाईचं लग्न झालं. पंचमीला तिला माहेरी आणायचं, तर ओढ्यांनी वाट अडवली. आता दसरा झाला होता, वाट वाळली होती, आणि दिवाळीला लेकीला पाठवता का, हे विचारायला कुंडलिक निघाला होता. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण वेगळंच होतं. फुला एकुलती एक, बापाच्या लाडातली. तिनं गुरं राखली, गवताचे भारे वाहिले, झाडांचे शेंडे गाठले, पण भाकरी काही तिच्या हाताला वळली नाही. एका अंगानं करपायची, दुसऱ्या अंगानं कच्ची राहायची. सगुणाबाई करवादायची आणि कुंडलिक 'शिकंल सावकाश' म्हणत पोरीला पाठीशी घालायचा. त्या भाकरीपायी सासरी तिला काय काय ऐकून घ्यावं लागत असेल, या घोरानं पावसाळाभर त्याला धड झोप नव्हती.

सगुणाबाईनं आधी चोळीचा खण ठेवला. मग गुळाची ढेप, कारण विलायतेकडच्या लढाईमुळं बाजारातून साखर दिसेनाशी झाली होती. मग कारळ्याची चटणी, पावटे, कुरडया. आणि शेवटी नाचणीच्या भाकरींची ही थोरली चवड. एवढ्या कुणाला, असं कुंडलिकानं विचारलं, तर वाटेत भूक लागते म्हणाली आणि तोंड फिरवलं. शिदोरी तर हवीच होती. लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरचा घास खायचा नाही, ही त्यांच्यातली रीत. दिवसभराचं आपलं आपण बांधून न्यायचं.

खिंडीत पोचेस्तोवर त्याचा खांदा सोलवटून निघाला. बसून त्यानं फडकं सोडलं, चवडीकडं बघितलं, आणि बायकोचा डाव त्याच्या ध्यानात आला. या भाकरी वाटेसाठी नव्हत्याच. सासरच्यांना दोन दिवस तरी धड खायला मिळावं, तेवढे दोन दिवस पोरीची बोलणी टळावीत, एवढ्यासाठी त्या माउलीनं पहाटेपासून थापल्या होत्या. माया खरीच, पण कुंडलिकाला घाम फुटला. लेकीच्या सासरी भाकरी घेऊन जायचं, म्हणजे आमच्या पोरीला येत नाहीत हो, अशी दवंडीच पिटायची की. नाक कापलं जाणार ते फुलाचं.

जवळच रायबा धनगर शेरडं चारत होता. त्याच्या घरी खाणारी तोंडं भरपूर. कुंडलिकानं फडक्यासकट सगळी चवड त्याच्या हवाली केली आणि मोठ्या शहाणपणाचं काम केल्याच्या थाटात उतार धरला. निम्मा उतार झाल्यावर पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा कुठं त्याला आठवलं की आपल्या दोन भाकरीही त्याच चवडीत होत्या. आता मागं जाऊन दिलेलं मागायचं, तर ते कुठल्या तोंडानं? बिचारा भोपळ्यातलं पाणी पीत पासलीत पोचला.

फुलाची सासू आक्काबाई अंगणातच भेटली. तिनं घोंगडी अंथरली, सगळ्यांची खुशाली विचारली. फुलानं बापाच्या हातातली काठी आणि खण-गुळाचं ओझं घेतलं आणि डोळ्यांना पदर लावून चटकन आत गेली. हे पाणी भेटीचं की कशाचं, ते काही त्याला उमगेना. तो गप्पा मारत होता आणि लक्ष सगळं आतल्या चुलीकडं लावून होता. आतून कुणाचा चढा आवाज येतोय का, ते ऐकत होता. येत होता तो नुसता आमटीचा वास. शिदोरी कुठाय, म्हणून आक्काबाईनं विचारलं. खिंडीतच खाल्ली, असं तो म्हणाला. पण त्याचं पोट तेवढ्यात असं गुरगुरलं, की सासवासुनांनी एकमेकींकडं बघितलं.

रीत मोडायला तो तयार नव्हता आणि मोडा म्हणायला त्याही तयार नव्हत्या. दिवाळीचं ठरलं, आणि कुंडलिक निघाला. त्याला पोचवायला दोघीही निघाल्या, आक्काबाईच्या डोक्यावर पाण्याची कळशी आणि फुलाच्या हातात गाठोडं.

गावाच्या शिवेवरचा ओढा ओलांडल्यावर आक्काबाईनं कळशी उतरवली.

"इवाई, बसा हितं," ती म्हणाली. "रीत लेकीच्या घरची हाय. आमचं घर ऱ्हायलं तकडं आन गावाची शीव बी सपली. हितं कुनाचं घर न्हाई."

फुलानं गाठोडं सोडलं. आत भाकरी होत्या. एक अंग काळं, दुसरं पांढुरकं. शंभरातून ओळखली असती त्यानं. त्यानं चोरून विहिणीच्या तोंडाकडं बघितलं. ती शेजारी मांडी घालून बसली होती, आणि तिनं त्यातलीच एक भाकरी मोडून आपल्या तोंडात घातली.

"पयला म्हैना ताकात बुडवून गिळली आमी," ती चावत चावत म्हणाली. "आता नुसती बी जाती. पर इवाई, सांजच्याला ही गुरं घिऊन येती ती गानं म्हनतच येती. माझं घर लई वरसं मुकं हुतं. दिवाळीला न्या, म्या न्हाई म्हनत न्हाई. पर आट दिसांत धाडा. ही नसली की घर खायाला उठतंया."

फुला खाली मान घालून आमटी वाढत होती आणि हसू दाबता दाबता तिचे खांदे हलत होते. कुंडलिकानं करपलेल्या कडेसकट भाकरी संपवली आणि नुसता हात पुढं केला. फुलानं त्यावर दुसरी भाकरी ठेवली.