न बोलणारी शेजारीण

कृष्णात कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर काम करायचा. दुरुस्तीला आलेलं इंजिन नुसतं सुरू झालं म्हणून त्याचं समाधान होत नसे. ते मुळात बंद का पडलं होतं, हे उमगेपर्यंत तो त्याच्याभोवती घोटाळत राहायचा. त्याची बायको बयाबाई म्हणायची, हा माणूस देवळात गेला तरी आधी घंटा कशाला टांगलीय ते बघेल.

त्याची आई झुंबरबाई उचगावात एकटी राहायची. नवरा गेल्यावर तिनं रान वाट्यानं लावलं होतं आणि एक म्हैस तेवढी स्वतःजवळ ठेवली होती. सत्तरी उलटून गेलेली. त्या साली, म्हणजे चोपन्न सालच्या पावसाळ्यात, तिचा हात चुलीवर भाजला आणि पुढं महिनाभरात ती गोठ्यात पडली. कृष्णातनं मग शिवाजी पेठेत आपल्या माडीवरच्या बिऱ्हाडाला लागून एक खोली घेतली, चुना मारला, नवी बाज आणून टाकली, आणि दिवाळीचं निमित्त करून आईला घेऊन आला.

पण दिवाळीभर झुंबरबाई त्या बाजेवरून हलली नाही. फराळाचं ताट हातात दिलं तर खायची, नाहीतर तशीच बसायची. माडीच्या जिन्यावरून खाली जायचं झालं की बयाबाईचा हात इतका घट्ट धरायची, की बांगड्या रुतायच्या. बयाबाईला वाटलं, सासूबाई कशावरून तरी रुसल्यात. भाऊबीज झाली तशी झुंबरबाईनं गावाला पोचव म्हणून धोशाच लावला. कृष्णात बैलगाडीतनं तिला सोडायला गेला. गाडीतनं उतरताच तिनं पदर खोचला, भराभरा गोठ्याकडं गेली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि चुलीला जाळ घातला. पेठेत दगडासारखी बसलेली बाई ती हीच का, असं वाटावं.

कृष्णातला हे कोडं सुटेना. राग असता तर तिनं तो बोलून दाखवला असता. मनात ठेवायचा तिचा स्वभावच नव्हता. मग तो दर सुट्टीला सायकल मारत उचगावला जायला लागला. खोटं कशाला सांगायचं, त्यात आईच्या मायेइतकाच हे काय प्रकरण आहे ते बघण्याचा भागही होता.

बारीक बारीक गोष्टी त्याच्या नजरेत यायला लागल्या. मिठाच्या गाडग्याच्या गळ्याला सुतळी बांधलेली होती, चटणीच्या गाडग्याला चिंधी. घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत आणि तिथून आडापर्यंत खुंट ठोकून कमरेएवढ्या उंचीवर एक काथ्याची दोरी ताणून बांधली होती. धुणं वाळत घालायला म्हणावं तर ती फारच खाली होती. आईला विचारलं तर म्हणाली, असूं दे की, तुला काय आडवी येतीया?

एकदा त्यानं आईचं काम हलकं व्हावं म्हणून पाण्याची घागर दाराजवळून उचलून चुलीपाशी नेऊन ठेवली. झुंबरबाई आतून आली ती सरळ त्या घागरीवर आदळली. पाणी चुलीत गेलं, राख उडाली. ती खाली बसून हातानं घागर चाचपत राहिली.

कृष्णातनं घागर उचलून जागेवर ठेवली आणि येतो म्हणून बाहेर पडला. पण गेला नाही. थोड्या वेळानं पाय न वाजवता परत आला आणि उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून उभा राहिला. झुंबरबाई शेणाची पाटी घेऊन बाहेर आली. ऊन लख्ख पडलं होतं. तिची नजर त्याच्या तोंडावरून गेली आणि तशीच पुढं गेली. ती दोरीला हात लावून गोठ्याकडं चालू लागली.

"आये," तो म्हणाला.

ती थांबली. पाटी हळूच खाली ठेवली.

"कळलं म्हण की तुला," ती म्हणाली.

तिनं मग सगळं सांगितलं. गेली दोन-तीन वर्षं कडेकडेनं अंधार आत सरकत आला होता. आता उजेड आणि सावली तेवढी कळायची. कृष्णातनं तिला कोल्हापुरात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मोतीबिंदू असता तर काढला असता, पण डोळ्यामागची शीरच सुकलीय, गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. उचगावला परतल्यावर कृष्णातनं पुन्हा पेठेतल्या खोलीचा विषय काढला. आता तर तिला सोबत पाहिजेच होती.

"हितं मला दिसतंय," झुंबरबाई म्हणाली. "पायाला ठावं हाय, हाताला ठावं हाय. तुझ्या माडीवर आलं की मी आंधळी हुती. जित्तेपणी कशाला आंधळी करतोस?"

कृष्णातनं खोलीचा विषय तिथंच सोडला. पण दोरीचं अजून उरलंच होतं. ती तू बांधलीस का, असं त्यानं विचारलं. आईला खुंट ठोकता आले नसते, हे त्याला दिसतच होतं.

झुंबरबाई नाखुशीनं म्हणाली, "एक दिवस आपसूक हाताला लागली. गाठ चिमणीची हाय. दावं बांधायची तिची रीतच तसली."

कृष्णातला खरंच वाटेना. चिमणाबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी त्याची चुलत चुलती. त्याच्या लग्नापासून दोघींचं बोलणं बंद होतं. लग्नात काय झालं होतं ते कुणीच धड सांगत नसे. एवढं खरं, की समोरासमोर आल्या की दोघीही मान वळवायच्या, आणि सगळ्या गावाला त्याची सवय झाली होती.

तो तसाच चिमणाबाईच्या दारात गेला. ती शेंगा फोडत बसली होती. वयानं आईहून जरा लहान, तिचा मुलगा इचलकरंजीला कापडाच्या मागावर कामाला, तीही एकटीच. त्यानं दोरीचं विचारल्यावर तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

"काकी, पण तुमाला कसं कळलं? मी पोटचा पोरगा, मला कळलं न्हाय."

"तुला कसं कळंल?" चिमणाबाई म्हणाली. "तुझ्याशी ती बोलती. मला बघितलं की ती तोंड फिरवायची. इतकी वर्सं, एकबी दिस चुकली न्हाय. आन् एक दिस आडावर माझ्या पुढ्यातनं तशीच गेली, मानबी हलवली न्हाय. मी म्हटलं, हिचा राग गेला का काय? मग बघितलं, तर डोळंच गेल्यात."

शेंगांची टरफलं तिच्या पायाशी पडत होती. ती खाली बघूनच पुढं बोलली. रोज पहाटे आडाच्या वाटेवरचे दगड ती बाजूला करत होती, आणि झुंबरबाई म्हशीला पाणी पाजायला निघाली की मागं काही अंतर ठेवून जात होती.

कृष्णातनं तिला विचारलं, की आता उघडपणेच आईकडं बघाल का. चिमणाबाईनं साफ नाही म्हटलं. आपण कुणाची चाकरी करणार नाही, आणि आधी बोलणार तर मुळीच नाही. घरी येऊन त्यानं आईला विचारलं, तर तिनं चिमणीच्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही म्हणून सांगितलं.

तो दिवसभर विचार करत बसला. दोघींना जोडायचं तर मधे काहीतरी पाहिजे, जे दोघींचंही असेल. संध्याकाळी म्हैस हंबरली आणि त्याला सुचलं. म्हशीची धार आईला आता जड जात होती, आणि चिमणाबाईचा गोठा कधीचा रिकामा होता. म्हैस दोघींच्यात निम्म्या वाट्यानं ठेवायची, गोठा झुंबरबाईचा, धार चिमणाबाईनं काढायची. यात कुणी कुणाची चाकरी करत नव्हतं. दोघींनी कुरकुर केली, पण नाही म्हणायला कारण कुणालाच सापडेना.

मग जे सुरू झालं ते बघायला बयाबाईसुद्धा मुद्दाम उचगावला आली. दोघी बोलायच्या त्या म्हशीशी. चिमणाबाई धार काढता काढता म्हणायची, "म्हशी, तुझ्या मालकिणीला सांग, दारात ओलं झालंय, जपून ये म्हणावं." झुंबरबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "म्हशी, तुझ्या दुसऱ्या मालकिणीला सांग, भाकरी झाल्यात, गार हुतील." म्हैस बिचारी रवंथ करत दोघींकडं आळीपाळीनं कान हलवायची. हळूहळू चिमणाबाई तिथंच जेवायला लागली. थंडी वाढल्यावर तिनं आपलं अंथरूणही झुंबरबाईच्या घरातल्या पुढच्या सोप्यात आणलं. म्हैस व्यायला झालीय, जवळ कुणीतरी पाहिजे, असं म्हणाली.

म्हैस व्याली तेव्हा कृष्णात नेमका तिथंच होता. रेडकू आडवं आलं होतं. चिमणाबाईनं पाय धरून ओढलं, झुंबरबाईनं म्हशीचं डोकं मांडीशी धरलं. बऱ्याच खटपटीनं रेडकू बाहेर आलं, पण हालचाल करेना.

"चिमणे, नाकात फुंक मार त्याच्या," झुंबरबाई ओरडली.

"मारतोय की, थांब जरा, झुंबरे," चिमणाबाईनं उत्तर दिलं.

रेडकानं फुर्र केलं आणि मान उचलली. दोघी हात पुसत बसल्या. आपण बोललो हे दोघींच्याही लक्षात आलं होतं. मग झुंबरबाईनं विचारलं, "रेडा का रेडी?" आणि चिमणाबाईनं तिचा हात धरून रेडकाच्या अंगावर नेऊन ठेवला.

"तूच बघ," ती म्हणाली.