मागच्या दाराचा दिवा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला चाळण्या नाहीतर प्लॅस्टिकच्या डब्या वाटणाऱ्या बायकांना छाया नाक मुरडायची. तेही मनातल्या मनात नव्हे, तर जिनं चाळणी दिली तिच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं. यंदा तिनं ठरवलंच होतं, आपलं वाण असं असेल की सौंसरातली आपली गल्ली वर्षभर नाव काढील.

तिचा भाऊ चेतन, त्याचं पांढुर्ण्याला पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. दिवाळीत माहेरी गेली तेव्हा ती त्याच्याकडून झिरोचे एलईडी दिवे बनवायला शिकून आली. थोडे एलईडी, डायोड, एक कॅपॅसिटर, रेझिस्टर, आणि हे सगळं बसवायला मागे दोन पिना असलेली पारदर्शक डबी. बोर्डात खोचला की रात्रभर मंद उजेड, आणि मीटरला पत्ताही लागत नाही. चेतननं तिला बजावलं होतं, "ताई, कॅपॅसिटरवरचा हा रेझिस्टर विसरू नोको. याच्याबिगर दिवा लागते, पण काढल्यावरबी पिनीत करंट राहून जाते. हात लागला का झटका."

पहिला दिवा तिनं इमानदारीनं केला. पण त्या रेझिस्टरपायी झाकण बसेना. जोर लावला तर डबीच तडकली, तिला काळी टेप गुंडाळावी लागली. दुसऱ्या दिव्यात तिनं तो रेझिस्टर गाळून पाहिला. दिवा झकास लागला आणि झाकणही बसलं. लागतोय ना, मग झालं तर, असं म्हणत तिनं बाकीचे सगळे तसेच जोडले.

हळदीकुंकू जोरात झालं. "घरी बनवले, माह्या हातानं," हे छाया प्रत्येकीला सांगत होती, आणि एकदा सांगून तिचं पोट भरत नव्हतं. शेजारच्या सुशीलाकाकूंना अर्थातच बोलावणं नव्हतं. काका गेल्यापासून काकूंना कुणीच बोलवत नसे, आणि आपण नव्या विचारांच्या आहोत असं छाया कितीही म्हणत असली तरी बायकांच्या तोंडी कोण लागणार? दुसऱ्या दिवशी तो टेप लावलेला दिवा उरलाच होता. तो आणि तिळगुळाची पुडी तिनं काकूंना मागच्या दारानं नेऊन दिली, आणि परत येताना स्वतःची पाठही थोपटून घेतली.

पुढे कितीतरी दिवस ती भेटेल तिला विचारत सुटली, "दिवा कसा हाय?" सगळ्या म्हणत, "छान हाय."

मग एका सकाळी घरातला बोर्ड पुसायला तिनं स्वतःचा दिवा उपसला. बोटं पिनांना लागली आणि कोपरापर्यंत असा झटका बसला की दिवा हातातून उडाला. चेतनचे शब्द आता अगदी स्पष्ट आठवले. गप्प बसावं, कुणाला काय कळतंय, असंही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली. समोरच्या मंगलाची रांगती नात हाताला लागेल ते ओढायची. छायानं पिशवी घेतली आणि निघाली.

मंगलानं कपाटावरून रुमालात गुंडाळलेला दिवा काढून दिला. "नातीनं ओढला होता जी. लय रडली. मंग ठेवून देला वर."

"मग मले सांगितलं काऊन नाही?"

"वाणाले नाव कसं ठेवाव, वहिनी? अन् तुम्ही इतक्या कौतुकानं सांगून राहिल्या होत्या."

छायाचे कान तापले. पुढच्या घरात दिवा पिठाच्या डब्यामागे होता, त्याच्या पुढच्या घरात जुन्या स्वेटरांत. गल्लीत सगळ्यांना झटके बसून गेले होते, सगळ्यांनी ते एकमेकींना सांगितले होते, आणि ती मात्र दारोदार कौतुक गोळा करत फिरत होती. चाळणीवाली विजयमाला तर दिवा परत द्यायलाच तयार नव्हती. वाण कुणी परत देतं का? शेवटी तिनं दिव्याला हळदीकुंकू लावलं, तो पिशवीत टाकला, आणि रिकामी कशी पाठवू म्हणून वर घरच्या बगिच्यातली संत्री घातली. त्या संत्र्यांपेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर छायाला बरं वाटलं असतं.

शेवटी ती काकूंच्या मागच्या दाराशी आली. दिवा तिथंच, चुलीजवळच्या बोर्डात होता. तिनं तो जपून काढला, आणि खात्री करायला डोळे मिटून पिनांना बोट लावलं. काही झालं नाही. टेपवरून अंगठा फिरला तेव्हा तिच्या लक्षात आलं की साऱ्या गल्लीत धड दिवा हा एकच होता.

"हा चांगला हाय, काकू. राहू द्या."

"बाकीचे झटके मारते म्हणतेत," काकू म्हणाल्या. "माह्यासाठी निवडून ठेवला होता का वो?"

हो म्हणणं फार सोपं होतं. पण पिशवी हाताला जड लागत होती.

"नाही. डबी फुटली होती. म्हणून तुम्हाले देला."

"ते तर टेपवरून दिसतेच ना," काकू सहज म्हणाल्या. "देला, हेच लय झालं. म्हणून मी समोरच्या खोलीत नाही लावला. कोनी इचारलं कोनं देला, तं तुह्यं नाव घ्या लागन. अन् बाया तुलेच बोलतीन."

छायाला वर बघवेना. आपण लपूनछपून दिलेली वस्तू या बाईनं आपल्याच अब्रूसाठी इतके दिवस लपवून ठेवली होती. ती दिवा घेऊन समोरच्या खोलीत गेली आणि तिनं तो दाराशेजारच्या बोर्डात खोचला.

"कोणी विचारलं तर माह्यं नाव सांगा," ती म्हणाली, पण आवाज इतका खाली गेला होता की काकूंनी, "काय म्हनलं?" असं विचारलं, आणि तिला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.