गीताबाईच्या गळ्यातली दोरी

मी एक दोरी बोलतेय. खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. शुभांगीनं विळीवर माझ्या दोन्ही मुठी कापल्या, तेव्हाच मला कळलं की या घरात गप्प राहायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. मधे कप्पी, दोन टोकांना प्लास्टिकच्या मुठी. मला दारावर अडकवून चांगल्या हातानं एक मूठ खाली ओढली, की आखडलेला हात वर जातो. एवढंच माझं काम.

गीताबाई पारनेरजवळच्या एका शाळेत खिचडी शिजवायची. पोरं तिला खिचडीमावशी म्हणायची. उन्हाळ्यात तिचा उजवा खांदा आखडला. वेणी घालता येईना, झंपर चढेना. मुख्याध्यापक आप्पासाहेब म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत हात बरा करा. शाळा उघडल्यावर टोप उचलता आला नाही, तर दुसरी बाई बघावी लागेल."

धाकटी जाऊ शुभांगी तिला नगरला घेऊन गेली. डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिलं. सुई पाहून गीताबाईला भोवळ आली. तिला बाकावर निजवलं, आणि व्यायाम शिकवणाऱ्या सुमैरा मॅडमनी मला शुभांगीच्या हातात दिलं. "इंजेक्शननं दुखणं उतरेल, पण खांदा मोकळा होईल तो व्यायामानंच. रोज तीन वेळा करून घ्या. आठ दिवसांनी परत आणा."

शुभांगीनं मान डोलावली.

एसटीत गीताबाईनं विचारलं, "काय म्हनल्या गं?"

"इंजेक्शन जिरू द्या म्हनल्या. शाळा उघडंपर्यंत हात हलवायचा न्हाई, आक्का."

दुखरा हात झोळीत बांधायचा, हे गीताबाई लहानपणापासून पाहत आलेली. तिला ते पटलं. घरी आल्यावर शुभांगीनं कप्पी उकिरड्यावर फेकली, मला गीताबाईच्या गळ्यात घातलं आणि हात पोटाशी आवळून बांधला. ज्या हाताला मी वर न्यायचं, त्यालाच मी धरून बसले.

दुखणं खरंच उतरलं. गीताबाई येईल-जाईल त्याला जावेचे गुण सांगू लागली.

शेजारची कडूबाई एकदा म्हणाली, "माझ्या भावाला तर हात हलवाया लावला हुता."

"तुमचा भाऊ डाक्टर हाय व्हय?" शुभांगी म्हणाली. कडूबाई हसली आणि गेली.

शाळा उघडली. त्या दिवशी गीताबाईनं झोळी काढून मला पिशवीत ठेवलं. टोप चुलीवरून कमरेपर्यंत आला, पुढे खांदा हलेना. निम्मी खिचडी फरशीवर सांडली. पोरं खदाखदा हसली. शुभांगी दारातच होती, पदर खोचून आलेली.

"राहू द्या, बाई," आप्पासाहेब म्हणाले. "शुभांगीताई, तुम्ही घ्या."

आता शुभांगी शाळेतून येताना डब्यात खिचडी आणते. "मीठ बरोबर हाय का बगा, आक्का." गीताबाई डाव्या हातानं खाते आणि म्हणते, "तू हायेस म्हनून. न्हाईतर माझं कोन हुतं?" मग झोळी बांधून घ्यायला मान पुढे करते. इंजेक्शन अजून जिरलं नाही, असं शुभांगीनं तिला सांगितलंय.

मला आता राहवत नाही. गीताबाई, तुझा हात मेलेला नाही. नगरला परत जा, सुमैरा मॅडमना विचार. ही गाठ सोड आणि मला दारावर—

"आक्का, झोळी ढिली झाली बगा. या इकडं, आवळून देते."