पाइनचा पाट

मित्रांनो, मी एका जुन्या पाइनच्या खोडाचा आडवा काप आहे, परातीएवढा. आता मला पाट म्हणतात.

माझं झाड होंडुरासच्या डोंगरावर होतं. आग यायची, गवत खाऊन जायची. पावसात गवत परत फुटायचं. आमची साल जाड, आम्ही तगायचो. उघड्या मातीत आमचं बी रुजायचं. त्या पोरांना काही वर्षं सवड मिळाली की त्यांचीही साल जाड व्हायची. पुढं आगी लवकर लवकर यायला लागल्या. पोरं गुडघ्याएवढी व्हायची अन् करपायची. कधीपासून, ते मला विचारू नका. शेवटी अख्खा डोंगर जळाला. उरलो मी.

जंगलातल्या आगींचा अभ्यास करणाऱ्या निशिगंधानं जळक्या खोडातून मला कापून जर्मनीत, म्युनिकला आणलं. प्रत्येक आगीचा डाग माझ्या अंगात होता, जुने आत, नवे कडेला. ती भिंगातून मोजायची. किती वर्षं आग नाही आली तर रोपं जगतात, हे तिला त्या डोंगरावर झाडं लावणाऱ्यांना सांगायचं होतं. आतले मोजून झाले होते. कडेचे राहिले होते, म्हणून मला घरी आणलं.

तिचे सासू-सासरे सांगलीहून आले होते. नात सियाचा वाढदिवस होता.

"अहो, औक्षणाला घरात साधा पाट नाही," कुंदाबाई म्हणाल्या.

"हे लाकूड आहे की," रमेशराव म्हणाले. "कड तेवढी जळकी."

"जळक्यावर बसवता होय पोरीला? कापा ती."

सिया म्हणाली, "आजोबा, दास इस्ट मामास होल्त्स." आईचं लाकूड आहे, असं जर्मनमध्ये सांगत होती बिचारी. आजोबांना जर्मन कुठलं कळायला!

"हो हो, तुझ्यासाठीच," म्हणत आजोबांनी केलरमधून, म्हणजे तळघरातून, करवत आणली.

चार बोटं कड गेली. घासून तेल लावलं. खोटं कशाला बोलू, दिसायला लागलो छान.

संध्याकाळी निशिगंधा आली.

"बाबा, याची कड कुठाय?"

"ते जळकं? शेजाऱ्याच्या ग्रिलमध्ये दिलं. झकास पेटलं."

ती खाली बसली. माझ्या कडेवरून बोट फिरवलं.

"त्या डोंगरावर दुसरं झाड उरलं नाही, बाबा."

रमेशराव बाहीवरचा भुसा झटकत राहिले. भुसा कधीच पडून गेला होता.

औक्षण झालं. निरांजनाची ज्योत माझ्यावरून फिरली. मित्रांनो, काळं, वाकडं काही दिसलं तर करवत घ्यायच्या आधी घरातल्या माणसाला विचारा. नव्या आगी कोणत्या वर्षी आल्या ते त्या कापलेल्या कडेत होतं, ते आता मलासुद्धा आठवत नाही.