मुठीतला पाइप

चष्मेवाल्यांनी आयुष्यात एक झुरका मारला नव्हता. तरी त्यांच्या काचेच्या कपाटात एकेचाळीस पाइप होते, सगळे डेन्मार्कचे, साठ-सत्तर वर्षांपूर्वी हाताने घडवलेले. बायको म्हणायची, "दात आहेत तर चणे नाहीत, आमच्याकडे पाइप आहेत तर तंबाखू नाही!"

या पाइपांचा जीव असतो दांडीवरच्या ठशात. कारागिराचं नाव आणि त्याचा देश, केसाएवढे खोल उमटवलेले. ठसा गेला की उरतं नुसतं लाकूड. घरात हे एकट्या चष्मेवाल्यांना ठाऊक होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी कधी विचारलंच नाही आणि माणूस मुळात तिरसट. किल्लीसुद्धा स्वतःच्या खिशात.

तीन महिन्यांपूर्वी झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पाटी दिली तर त्यावर रेघोट्या. मान हलवायचे, पण 'हो'ला आडवी आणि 'नाही'ला उभी, म्हणून घरच्यांनी त्या मानेवर विश्वास ठेवणंच सोडलं. व्यायाम शिकवणाऱ्याने उजव्या हातात काहीतरी धरायला सांगितलं होतं. किल्ली आता बायकोकडे होती; ती रोज एक पाइप काढून तळहातावर ठेवायची. बोटं काही मिटत नसत.

आता आस एकच होती. गुरुवारी संग्रहालयातून तज्ज्ञ बाई येणार होत्या. ठसे तपासून संग्रह अस्सल ठरला, तर सगळे पाइप एकत्र, एका दालनात राहणार होते. आपल्यामागे त्यांची फाटाफूट व्हायला नको, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

बुधवारी सकाळी त्यांना जाग आली ती पॉलिशच्या चाकाच्या आवाजाने. मुलगा फर्निचरला पॉलिश करायचा, खालीच त्याचा कारखाना. त्याने हात फिरवला की जुन्या टेबलात तोंड दिसावं! पण आजचा आवाज टेबलाचा नव्हता. चाक बारीक कुरकुरत होतं, थांबत होतं, पुन्हा कुरकुरत होतं. चष्मेवाल्यांनी मान वळवली. कपाट रिकामं.

त्यांनी डाव्या हाताने घंटी बडवली.

"आले, आले! काय हवंय? पाणी? भांडं देऊ? उशी वर करू का?"

त्यांनी कपाटाकडे बोट केलं.

"अगबाई, दिसलं वाटतं!" बायको हसली. "उद्या त्या बाई येणार आणि पाइप असे काळवंडलेले. पोरगा पहाटेपासून राबतोय हो तुमच्यासाठी."

म्हाताऱ्याच्या तोंडून नुसता घुरघुराट निघाला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"बघा, कसं भरून आलंय," म्हणत तिने पदराने डोळे पुसले, आधी त्यांचे, मग स्वतःचे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यांना बायकोचा राग आला, मुलाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. पाइप जमवले ती तीस वर्षं तोंड होतं, तेव्हा कुठे शेण खाल्लं होतं?

दुपारी मुलगा ट्रे घेऊन वर आला. चाळीस पाइप नव्या नवरीसारखे चमकत होते. चष्मेवाल्यांनी एक उचलून दांडीवरून डावा अंगठा फिरवला. गुळगुळीत. दुसरा, गुळगुळीत. तिसरा त्यांनी उचललाच नाही.

"आवडले ना, बाबा? अरे, हा एक राहिलाच की!"

मुलाने त्यांच्या उजव्या तळहातावरच्या पाइपला हात घातला, आणि तीन महिने मेलेली ती बोटं हलली. एकेक करत पाइपभोवती मिटली.

"आई! धाव! बाबांनी मूठ वळली!"

आई धावत आली. दोघं हसत होती, रडत होती. मुलाने बापाच्या कपाळाला कपाळ लावलं. "शाब्बास, बाबा! आता सोडा बघू. हळूच. हां, अस्सं."

त्याने एकेक बोट मायेने उलगडलं. बोटांत जोर तो किती असणार!

"दोन मिनिटांत आणतो," म्हणत तो पायऱ्या उतरला.

बायकोने रिकाम्या तळहातावर आपला अंगठा ठेवला. "परत एकदा वळा ना हो. मला नीट दिसलंच नाही."

खाली चाक सुरू झालं.