बैठक रुंद केलेले विमान

मी एक जुने लढाऊ विमान आहे. मित्रांनो, दुसऱ्या महायुद्धाच्या सबंध काळात शत्रूचे एकही विमान माझ्या तावडीतून सुटले नाही. आलेच नाही, त्यामुळे सुटण्याचा प्रश्न उद्भवला नाही. मी लाकडाचे आहे. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातभर भरते, आणि धुळ्याला सुकदेव मिस्तरींच्या घरी फडताळावर, मिठाच्या बरणीशेजारी उभे असते. आजवर मी एकदाच हवेत गेले, तेही मांजराने ढकलले म्हणून.

जन्माने तर मी विमानही नव्हे. मी एका खोक्याची फळी. त्या काळी विलायतेहून लढाऊ विमाने बोटीने येत, ती सुटी करून, खोक्यांत भरून. बंगालकडच्या एका तळावर ही खोकी आगगाडीतून उतरवायची, खांद्यावर वाहायची आणि पहारीने उघडायची, असे काम करणारी एक टोळी होती. त्या टोळीत सुकदेव मिस्तरींचा एकुलता एक मुलगा पंडित होता. विमानदलात नव्हे, एका मुकादमाच्या हाताखाली. हे मी ऐकीव सांगत नाही. माझे खोके त्यानेच उघडले.

पहार बाजूला ठेवून त्याने माझ्यावरून तळहात फिरवला. सुताराचा मुलगा तो. अंगावर एक गाठ नाही, रेषा सरळ, वजन कापसासारखे, हे त्याला हातानेच कळले. बाकीच्या फळ्या त्या दिवशी चुलीत गेल्या. मी त्याच्या वळकटीत गेले.

सुट्टीवर तो आला तेव्हा चाळीसगावला गाडी बदलून धुळ्यापर्यंतचा प्रवास मी त्याच्या मांडीवर केला. घरी सुकदेव नानांनी मला नाकाशी धरले. नाना बैलगाड्या करीत. त्यांची हयात बाभळीत आणि सागात गेलेली. असे लाकूड त्यांनी पाहिले नव्हते. "हे कशाचं?" त्यांनी विचारले. "विमानाचं," पंडित म्हणाला. हे खोटे नव्हते. पुरते खरेही नव्हते.

गल्लीतली माणसे जमली. कोणी विचारले, तू विमानावर असतोस का? पंडितने चहाचा घोट घेतला. कोणी विचारले, उडवतोस का? त्याने आणखी एक घोट घेतला. धुळ्यात एवढ्यावर माणूस वैमानिक होतो. शेवटी त्याच्या आईने, झुंबरबाईने, चुलीपासून विचारले, "भ्याव नही वाटस का रे वरी?" तेव्हा मात्र त्याला काहीतरी बोलणे भाग होते. तो म्हणाला, "भ्याव नही माय. थंडी वाजस."

आईला एवढे पुरले. सुट्टी संपेपर्यंत तिने कापूस भरून, उभे आडवे टाके घालून एक जाड बंडी शिवली. बंगालच्या उकाड्यात ती घेऊन पंडित परत गेला. मला नानांनी भिंतीला टेकवून ठेवले. माझे काय करावे ते त्यांना सुचेना, आणि माझ्यातून पाट किंवा पोळपाट काढणे त्यांना जिवावर आले.

त्यानंतर पंडितचे पत्र आले नाही.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. नाना भरतीच्या कचेरीत जाऊन बाकावर बसू लागले. एकदा तिथल्या कारकुनाने वैतागून सगळी कागदपत्रे चाळली आणि सांगितले की या नावाचा वैमानिक नाही, या नावाचा कोणीच विमानदलात नाही. दुसरा कोणी बाप हे ऐकून खचला असता. नाना ताठ मानेने घरी आले. लढाईत मोठ्या कामावरच्या माणसांची नावे दडवून ठेवतात, असे त्यांनी झुंबरबाईला समजावले. तिलाही ते पटले. मला विचारले असते तर मी सांगितले असते. पण मित्रांनो, लाकडाला कोणी विचारत नाही.

अशात शहरात लढाईचे प्रदर्शन भरायचे ठरले. शाळेच्या इमारतीत तोफांची चित्रे, झेंडे, आणि कारागिरांनी केलेली विमानांचे हुबेहूब नमुने. नमुने पुढे शाळांना वाटायचे, म्हणजे डोक्यावरून जाणारे विमान आपले की परके हे पोरांना ओळखता यावे. धुळ्यावरून तोवर फक्त घारी जात होत्या. पण तयारी असावी, असे सरकारचे मत होते.

नानांना नमुन्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना एवढेच कळले होते की ज्याचा नमुना पास होईल तो कारागीर त्या नमुन्यामागे उभा राहणार, आणि मोठा साहेब त्याच्यापुढे येऊन त्याच्याशी दोन शब्द बोलणार. दडवलेली नावे अशा साहेबाला ठाऊक असणार. त्या दोन शब्दांत नाना विचारणार होते, माझा पंडित कुठे आहे. त्यासाठी मला विमान व्हायचे होते.

शाळेतले चित्रकलेचे रतिलाल मास्तर छापील नकाशा घेऊन आले. माप समजावून दिले: दोन फुटांना एक इंच. पंख असो, शेपूट असो, चाक असो, सगळीकडे तेच. नानांनी नकाशा भिंतीला लावला, माझ्यावर पेन्सिलीने रेघा ओढल्या आणि करवत चालवली. दुखले का म्हणून विचारू नका. पहारीने उपटून निघालेल्याला करवतीचे काय.

माझे पोट वाकसाने तासून उतरवले, पंख रंध्याने पातळ केले. पंख पोटात बसवताना खिळा वापरला नाही. गाडीच्या चाकाचा आरा मधल्या तुंब्यात बसवतात तसे टोकाला कुसू काढून, सरस लावून, ठोकून बसवले. पुढचा पंखा एका जुन्या आऱ्याच्या बाभळीतून काढला. चाकांना भोवतीने पत्र्याची बारीक धाव चढवली, कारण धावेशिवाय चाक नानांच्या हातून सुटत नसे. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला हिरवा रंग मला लागला. फुंकर मारली की पंखा फिरे. झुंबरबाई भाकरी थापता थापता येऊन फुंकर मारून जाई आणि पंखा थांबेपर्यंत उभी राही.

शेवटी बैठक कोरायची राहिली, म्हणजे उडवणारा बसतो ती जागा. नकाशाप्रमाणे ती इंचभर रुंद. नानांनी पटाशी धरली, नकाशाकडे पाहिले आणि पटाशी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी रतिलाल मास्तर आले तेव्हा बैठक दीड इंच झालेली होती. मास्तरांनी परकार लावून पाहिला. मग हलक्या आवाजात म्हणाले की नाना, बाकी सगळे सुरेख उतरले आहे, पण एवढे एक माप चुकले, साहेब अडवील.

"चुकेल नही," नाना म्हणाले. "यामां मना पंडित कसा बसी? खांदा रुंद शेत त्याना."

मास्तरांनी समजावले की हा नमुना आहे, यात कोणी बसायचे नाही. नाना म्हणाले की ते त्यांनाही कळते. आणि बैठक तशीच ठेवली. गाडी करतानाही ते घेणाऱ्याची बैलजोडी आधी दारात उभी करून बघत आणि मग जू करीत. ठरावीक मापाचे जू करून बैलाची मान त्यात कोंबणे त्यांनी जन्मात केले नव्हते.

प्रदर्शनाच्या दिवशी नानांनी धुतलेले धोतर नेसले, टोपी चढवली, मला पंच्यात गुंडाळून नेले. नमुने टेबलावर मांडले होते. साहेब परकार घेऊन एकेकाला तपासत आला. माझे पंख मोजले, मान हलवली. शेपूट मोजली, मान हलवली. चाकांच्या धावा बघून हसला. मग परकार बैठकीवर गेला आणि तिथेच थांबला. त्याच्यासोबतच्या कारकुनाने मराठीत विचारले, "ही जागा एवढी रुंद का केली?"

नाना म्हणाले, "साहेब, खांदे रुंद आहेत."

"कुणाचे?"

"बसणाऱ्याचे."

कारकुनाने हे साहेबाला कसे सांगितले ते मला समजले नाही. साहेब पुन्हा हसला, चांगल्या मनाने हसला, आणि पुढच्या टेबलाकडे गेला. मला उचलून लहान मुलांच्या खेळण्यांत ठेवण्यात आले, एका कागदी हत्तीच्या शेजारी. माझ्यामागे कोणी उभे राहायचे नव्हते. नाना तरी पंचा हातात घेऊन भिंतीशी उभे होते. साहेबाची मोटार निघून गेल्यावर त्यांनी मला परत गुंडाळले.

"इचारं का?" झुंबरबाईने दारातच विचारले.

"गर्दी व्हती," नाना म्हणाले. मला फडताळावर ठेवले ते तेव्हापासून.

आता आखाजीचे सांगायला हवे. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतात. वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. घरची बाई उंबरठा पुसते आणि गेलेल्या एकेकाचे नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचे एकेक बोट टेकवते. त्या आखाजीला झुंबरबाईने सासऱ्याचे बोट टेकवले, सासूचे टेकवले. शेजारची बेबाबाई तिथे होती. जग बघितलेली, मनाने वाईट नव्हे. ती हळूच म्हणाली की अक्का, पोराचा जीव कुठे तहानलेला असला तर. झुंबरबाईने बोट पदराला पुसले.

"पोऱ्या वरी शे मना," ती म्हणाली. "उंबऱ्यावर त्यानं काय काम शे?"

बेबाबाईने घागरीवरचे खरबूज नीट बसवले.

लढाई संपली. शाळेतल्या पोरांना पेढे वाटले. गल्लीतली सैन्यात गेलेली माणसे परत आली, न आलेल्यांच्या घरी तारा आल्या. आमच्याकडे दोन्हींतले काही आले नाही. माझ्यावर धूळ बसली, पंख्याच्या पात्यांत कोळ्याने जाळे केले आणि फुंकर मारली तरी पंखा फिरेनासा झाला. मग फुंकर मारणेही बंद झाले.

पुढच्या आखाजीला थोडे दिवस उरले असताना मोतीलाल नावाचा एक भुसावळचा माणूस घर विचारत आला. पंडितच्याच टोळीतला. हिवतापाने वाळून गेलेला, इतके दिवस इस्पितळात पडून होता. पाणी प्याला आणि पिशवीतून त्याने ती बंडी काढली.

झुंबरबाईने ती मांडीवर पसरली. सगळीकडचा कापूस जसाच्या तसा फुगलेला होता. फक्त उजव्या खांद्यावरचा चेपून, घासून पापडासारखा झाला होता. तिने त्यावर बोट फिरवले आणि हे असे कशाने झाले म्हणून विचारले.

"घडी करीसन खांदावर ठेये तो," मोतीलाल म्हणाला. "खोकं टोचाले नको म्हनीसन."

झुंबरबाई त्या खांद्यावरच बोट फिरवत राहिली. मोतीलालला वाटले आपण नीट सांगितले नाही, म्हणून त्याने सगळे सांगितले. पावसाचे दिवस होते. मोटारीवरून खोके उतरवताना दोर घसरला. खोक्यात विमानाचा पंखा होता. पंखा शाबूत राहिला. मुकादमाने दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस लावला.

नानांनी विचारले, "आनि विमान?"

मोतीलालने फडताळावर माझ्याकडे पाहिले. मी खोक्याच्या फळीचे आहे हे त्याने ओळखले असावे. पंडितनंतर त्या घरात मला बरोबर ओळखणारा तो पहिलाच. "नाना," तो म्हणाला, "तो वरी कधी गयाच नही."

झुंबरबाईने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. सांजोऱ्यांचा रवा चाळून ठेवला होता, त्यातलाच शिरा केला.

आखाजीला तिने उंबरठा पुसला. सासऱ्याचे बोट टेकवले, सासूचे टेकवले. मग बोट पुन्हा कुंकवात बुडवले आणि तसेच धरून बसली. कुंकू बोटावर सुकले. तिने ते पुन्हा बुडवले, नाव घेतले आणि टेकवले. नाव मला ऐकू आले नाही, पण बोट दिसते. उंबरठा फडताळाच्या समोरच आहे.

दुपारी नानांनी मला खाली काढले. धूळ पुसली, जाळे काढले. बाभळीच्या दोन बारीक चिपा तासल्या, सरस कढवला आणि बैठकीच्या दोन्ही अंगांना एकेक चीप लावू लागले.

"काय करी ऱ्हायनात?" झुंबरबाईने विचारले.

"माप बरोबर करस."

"ऱ्हाऊ द्या ना तशी."

"आते कोन बसनार शे?" नाना म्हणाले, आणि चीप दाबून धरली. सरस धरेपर्यंत दाबून धरावी लागते. तो धरल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी फडताळावर अशी एखादी वस्तू असेल, जिचा कुणाला काही उपयोग नाही, तर तिची धूळ अधूनमधून पुसत जा. ती कुणाच्या मापाने केली होती हे घरात एखाद्याला तरी आठवत असते. मी जास्त मागत नाही. पंख्यावर एक फुंकर मारलीत तरी पुष्कळ झाले.

पुढे एकदा रतिलाल मास्तर आले होते. त्यांनी सवयीने परकार लावून मला पुन्हा तपासले. मी आता मापात आहे. दोन फुटांना एक इंच, सगळीकडे.